आम्ही येण्याआधी डबे विकत घेऊ नका

आमच्याकडून घर लावून घ्यायची तारीख फोनवर ठरली की बऱ्याच घरांत पहिली खरेदी होते ती डब्यांची. एकसारखे, पारदर्शक, झाकणाला पकड असलेले, चोवीसचा संच. कृपया थांबा. घरात काय आहे, किती आहे आणि ते कुठे राहणार हे ठरल्याशिवाय कुठल्या मापाचा डबा लागेल, हे आम्हालाही सांगता येत नाही. कोथरूडच्या एका घरी असे नवे कोरे डबे खोक्यासकट माळ्यावर पडले होते. कप्प्याची उंची साडेअकरा इंच आणि डबा बारा इंचाचा.

आम्ही काय करतो

आम्ही तिघी आहोत, काम मोठं असेल तर सोबत दोन मदतनीस असतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधली घरं लावून देतो. ‘म्हणजे साफसफाई का?’ असं पहिल्यांदा सगळेच विचारतात. नाही. फरशा, पंखे, बाथरूम घासून देणारे लोक वेगळे. आम्ही तुमच्यासोबत बसतो, एकेक कप्पा रिकामा करतो, सारख्या वस्तू एका जागी आणतो, त्यातलं काय ठेवायचं ते तुम्ही सांगता, आणि जे राहील त्याला जागा लावून देतो.

दुसरा प्रश्न जरा बिचकत येतो: ‘तुम्ही सगळं टाकायला लावाल का हो?’ एकही वस्तू टाकायला लावणार नाही. हे मनापासून सांगतो, कारण सुरुवातीच्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. एका काकूंच्या फडताळात चेपलेला, गंजलेला बिस्किटांचा डबा होता. घाईत तो भंगाराच्या ढिगात गेला आणि संध्याकाळी भंगारवाला घेऊनही गेला. त्या डब्यात त्यांच्या सासूबाईंनी शिसपेन्सिलीने लिहिलेल्या मसाल्यांच्या प्रमाणांच्या चिठ्ठ्या होत्या. आम्ही दोन दिवस भंगाराची दुकानं पालथी घातली, डबा मिळाला नाही. तेव्हापासून नियम असा: झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय कुठलाही डबा ढिगात जात नाही, आणि घराबाहेर जायच्या वस्तू आठ दिवस घरातच, पिशव्यांवर चिठ्ठी लावून राहतात. आठ दिवसांत कोणाला काही परत हवंसं वाटलं तर खुशाल काढून घ्या.

स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटं आणि माळा मिळून दोन बेडरूमच्या घरात पूर्ण एक दिवस धरा. कोरडा शिधा आधी जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून मांडतो. मग दिसतं की खसखशीची चार पाकिटं आहेत, त्यातली तीन फोडलेली. तूरडाळ एका डब्यात, एका पिशवीत आणि एका बरणीच्या तळाशी. यात कोणाचा आळस नसतो. हात पोचत नाही अशा जागी ठेवलेली वस्तू दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून पुन्हा आणली जाते.

म्हणून जागा लावताना आम्ही एकच गोष्ट बघतो: स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा हात कुठे जातो. तुम्हाला फोडणी करायला सांगतो आणि बाजूला उभं राहून पाहतो. मिसळणाचा डबा, तेल, चिमटा, झारा हे सगळं पाय न हलवता मिळायला हवं. रोजचं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, जड ते खाली, आणि चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र असं सणासुदीचं वर. सोऱ्याच्या चकत्या सोऱ्यातच, कापडी पिशवीत तोंड बांधून. एका घरी चकलीची चकती बटणांच्या डब्यात सापडली होती आणि त्या ताई तीन दिवाळ्या चकल्या विकत आणत होत्या. सिंकखाली मात्र धान्य, कांदे-बटाटे काही ठेवू नका. तिथे पाइप आज ना उद्या गळतो.

श्रीखंडाच्या डब्यांबद्दल बोलायलाच हवं. ते टाकवत नाहीत, कारण ते उपयोगी आहेत. मोलकरणीला भाजी द्यायला, शेजारी लाडू पाठवायला दुसरं काय देणार? आम्ही फक्त प्रत्येक डब्याला त्याचं झाकण लावून बघतो. ज्याला झाकण नाही तो डबा बाहेर, ज्याला डबा नाही ते झाकण बाहेर. एवढ्यानेच निम्मा ढीग कमी होतो.

वर्षाचं धान्य भरायची सवय चांगली होती, दहा माणसांच्या घरात. दोघांच्या फ्लॅटमध्ये पन्नास किलो गहू पावसाळ्यात किडतात. निम्मे भरा. आमचं एवढं ऐका.

कागद

कागदांना आम्ही घाईने हात लावत नाही. जुनी पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, आजोबांच्या नावचे शेअर हे रद्दीतच दडलेलं असतं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करते, पण हक्क जात नाही, वारसांना ते बँकेकडे मागता येतात. असे पैसे कुठल्या बँकेत आहेत हे शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केलं. शेअरचंही तसंच. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, आणि तिथूनही अर्ज करून परत मिळवता येतात. तेव्हा पिवळा पडलेला, कडा झिजलेला कागद दिसला की तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि तुमच्या सीएंना दाखवायला सांगतो. सल्ला देणं आमचं काम नाही, कागद सापडवणं आहे.

खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म-मृत्यूचे दाखले, इच्छापत्र यांची एक फाइल, आणि ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत. मूळ कागद लॅमिनेट करू नका, मागचे शिक्के आणि सह्या तपासताना अडचण होते. दुकानातल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या वर्षा-दोन वर्षांत कोऱ्या होतात, कारण ती शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या पावतीचा आणल्याच दिवशी फोटो काढा.

कपड्यांना इतका वेळ लागत नाही. जरीच्या साड्यांची घडी वर्षातून दोनदा बदला, नाहीतर त्याच रेषेवर चिरतात. प्लास्टिकऐवजी जुन्या सुती धोतरात गुंडाळा, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

बाहेर काय जातं आणि कुठे

मऊ पडलेल्या सुती साड्या गोधडीसाठी काढून ठेवतो, गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. चांगले कपडे बोहारणीला किंवा ओळखीच्या गरजूंना, पण धुऊन, बटणं लावून. फाटकं देणं म्हणजे देणं नव्हे. रद्दी, काच, पत्रा, प्लास्टिक सोसायटीत येणाऱ्या कचरावेचक ताईंना आधी विचारून वेगवेगळं देतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या बायकांना आपल्या घरातल्या मालाची किंमत आपल्यापेक्षा नीट कळते. मुदत संपलेली औषधं, सेल, ट्यूबलाइट, सुया घातक घरगुती कचऱ्यात मोडतात. त्यांची पिशवी वेगळी, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव.

देवघर आम्ही आवरत नाही. ते घरच्यांनीच करावं. तडकलेल्या तसबिरी पिंपळाखाली नेऊन ठेवू नका एवढी विनंती. काच आणि चौकट वेगळी करून द्यायला मदत करू.

आई-बाबांचं घर

बरीच कामं परदेशातून ठरतात. मुलगी अमेरिकेत, आई-बाबा सहकारनगरला, आणि ‘आम्ही डिसेंबरमध्ये येतोय, त्याआधी सगळं रिकामं करा’ असा निरोप. आम्ही मुलांचं सगळं ऐकतो, पण आजी-आजोबांशी समक्ष बोलल्याशिवाय काम धरत नाही. पितळी घंगाळ कोणाला अडगळ वाटेल, आजींना त्यात पहिल्या बाळाची आंघोळ आठवते. ते घंगाळ बाल्कनीत कुंडी म्हणून राहिलं तरी चालेल. त्यांच्या घरी एका दिवसात तीन तासांपेक्षा जास्त बसत नाही, कारण त्यानंतर माणूस दमतो आणि काहीही ‘द्या टाकून’ म्हणायला लागतो. तसा होकार आम्हाला नको.

आमच्या अटी

पहिली भेट मोफत. त्यात घर बघून किती दिवस लागतील आणि किती खर्च येईल हे लिहून देतो. कामाच्या वेळी निर्णय घेणारी व्यक्ती घरात हवी. दागिने आणि रोख रक्कम आधीच कुलपात ठेवा. तुमच्या घराचे फोटो आम्ही कुठेही टाकत नाही, आणि घरात पाहिलेली गोष्ट दुसऱ्या घरी बोलत नाही.

काही ताई विचारतात की हे काम शिकता येईल का. जरूर. पदवी लागत नाही. वजन उचलताना पाठ सांभाळता यायला हवी, मोजपट्टी जवळ हवी, आणि समोरचा एखाद्या स्वेटरवर वीस मिनिटं बोलत बसला तर ऐकून घेता यायला हवं. पहिले तीन महिने आमच्यासोबत या, त्याचे पैसे मिळतील.

आणि पहिल्या भेटीच्या आदल्या रात्री घर आवरू नका. सोफ्यावरच्या कपड्यांची घडी तशीच असू द्या, चाव्या जिथे पडतात तिथेच असू द्या. त्यावरूनच कळतं की कुठे खुंटी हवी आणि कुठे टोपली.