एका वहीतली अनेक अक्षरं

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, या मानसिक विकारात एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखीचे भाग आलटूनपालटून समोर येतात आणि एकाने केलेलं दुसऱ्याला बऱ्याचदा आठवत नाही. अशा माणसाच्या घरात बऱ्याचदा एक वही असते. एका पानावर टपोरं अक्षर, पुढच्यावर घाईघाईत खरडलेल्या तिरक्या ओळी, मध्येच खडूने काढलेलं चित्र. आतले वेगवेगळे भाग, ज्यांना मिळून ‘सिस्टम’ म्हणतात, एकमेकांसाठी हे लिहून ठेवतात. एकमेकांसाठी, ही गोष्ट मात्र बरीच उशिरा रुजली.

मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ल्युसी नावाची रुग्ण आहे. कुणीतरी तिला गप्पांत गुंतवायचं, जाने हलक्या आवाजात प्रश्न विचारायचे आणि तिच्या हातातली पेन्सिल उत्तर लिहायची. बोलणाऱ्या ल्युसीला त्याचा पत्ताही नसे. लिहिणाऱ्या भागाला पुढे आद्रिएन हे नाव मिळालं. तिचं लिखाण वाचायचे ते डॉक्टर.

बॉस्टनचे डॉक्टर मॉर्टन प्रिन्स यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या मिस बीचम या रुग्णाच्या हकिगतीत आतल्या आतही पत्रं जात होती. ‘सॅली’ हा भाग तिला टोचून लिहायचा, तिचे पैसे लपवून मोजकेच हाती ठेवायचा. म्हणजे निरोप पोचत होते, पण त्यामागे कसलाही समझोता नव्हता. आजही वही फसते ती बहुधा इथेच.

१९५४ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ थिगपेन आणि क्लेकली यांनी ‘ईव्ह’ची केस छापली. त्यात डॉक्टरांना आलेलं बिनसहीचं एक पत्र आहे. त्याचा शेवटचा भाग वेगळ्याच, पोरकट अक्षरातला. पत्र पुन्हा डॉक्टरांच्याच नावे. ईव्ह म्हणजेच ख्रिस कॉस्टनर साइझमोर यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की आतले भाग डॉक्टरांनी मांडल्याप्रमाणे तीन नव्हते, वीसहून अधिक होते.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत याला स्वतंत्र स्थान मिळालं आणि १९९४ मध्ये ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ जाऊन आजचं नाव आलं. मधल्या काळात फ्रँक पटनम यांच्या १९८९ च्या पाठ्यपुस्तकामुळे आतल्या ‘सूचना-फलका’ची, म्हणजे भागांनी एकमेकांसाठी निरोप ठेवण्याच्या जागेची, कल्पना थेरपिस्टांमध्ये पसरली. १९९१ मध्ये कॅनडाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज फ्रेझर यांनी मनातल्या मनात एका टेबलाभोवती सगळ्या भागांना बोलावण्याची पद्धत मांडली. आमच्या मते खरं वळण हेच: मजकुराचा वाचक बदलला. भारतात याच १९८९ साली मानसोपचारतज्ज्ञ आदित्यांजी आणि सहकाऱ्यांनी अशा मोजक्या केसेस नोंदवल्या आणि आपल्याकडे ‘अंगात येणं’ त्याहून कितीतरी जास्त दिसतं, याकडे लक्ष वेधलं.

१९९० च्या दशकात उपचारांत ‘परत आलेल्या’, पण खऱ्या की कल्पित याबद्दल वाद असलेल्या आठवणींवरून अमेरिकेत खटले झाले. त्यामुळेही रोजची वही जुन्या आघातांच्या तपशिलासाठी वापरू नये. तसलं पान नकळत समोर आलं तर वाचणारा भाग कोसळू शकतो. ते थेरपीच्या खोलीतच उघडावं. वहीत रोजचा व्यवहार असावा: तारीख, वेळ, कुठे आहोत, कोण भेटलं, कुणाला काय कबूल केलं, किती पैसे गेले. वाचायची वेळ ठरलेली हवी, नाहीतर वही भरते आणि कुणी उघडत नाही. पान फाडायचं नाही, शिवी लिहायची नाही, दुसऱ्याचं लिखाण खोडायचं नाही. न पटलेलं खाली आपल्या रंगाच्या पेनाने लिहावं. ज्या लहान भागाला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी खडू किंवा फोनवरचा आवाजी निरोप. कुणी काही केलं आणि इतरांना ते आठवत नसलं, तरी जबाबदारी सगळ्यांची मिळून, हे उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

औषधाच्या बाबतीत वही पुरत नाही. सकाळी एकाने गोळी घेतलेली असते, तासाभराने समोर आलेल्या दुसऱ्याला ते ठाऊक नसतं आणि गोळी पुन्हा घेतली जाते. त्यासाठी वारांच्या कप्प्यांची डबी हवी: आजचा कप्पा रिकामा दिसला की गोळी झालेली आहे, आणि हे कळायला कुणाचंही अक्षर वाचावं लागत नाही.