अपडेटनंतर बंद पडणारी संशोधनाची सॉफ्टवेअर: पार्श्वभूमी

पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात आयुका आणि एनसीआरए, पाषाणला एनसीएल, आयसर आणि आयआयटीएम. यांपैकी कुठल्याही संस्थेत पीएचडी करणाऱ्याला विचारा, लिनक्स अपडेट केलं आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्राम उघडेना, हे त्याने पाहिलेलं असतंच. खापर अपडेटवर फुटतं. खरं तर या दुखण्याची मुळं चाळीस वर्षं मागे आहेत, आणि ती माहीत असली की दुरुस्ती कुठून सुरू करायची ते लवकर कळतं.

खगोलशास्त्राचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे विरोधाभास ठळक आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचा डेटा आधी एलटीए नावाच्या स्वरूपात येतो आणि लिस्टस्कॅन व जीव्हीफिट्स हे दोन प्रोग्राम चालवून त्याची फिट्स फाइल केली जाते. खगोलशास्त्रीय डेटा साठवण्याचं फिट्स हे स्वरूप १९८१ पासूनचं. पुढे कितीही भर घातली तरी जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे, असा त्याचा दंडक आहे आणि तो आजवर पाळला गेलाय. चाळीस वर्षांपूर्वीची फिट्स फाइल आजही उघडते. ती तपासायला लिहिलेल्या प्रोग्रामांना मात्र असं संरक्षण कुणी दिलं नाही.

अमेरिकेतल्या एनआरएओ या रेडिओ वेधशाळेत एआयपीएस या रेडिओ डेटावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम १९७८ साली सुरू झालं. ॲरिझोनातल्या एनओएओ या वेधशाळेत १९८० च्या दशकात खगोलीय प्रतिमा तपासणारं आयरॅफ आलं. एआयपीएस मुख्यतः फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे. आयरॅफची स्वतःची भाषा आहे, पण तीही शेवटी फोरट्रानमध्येच उतरते. तेव्हा सोर्स कोड टेपवर यायचा, आणि तो आपल्या मशीनवर कंपाइल करून, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलून घ्यावा लागायचा. मशीन बदललं की पुन्हा कंपाइल करायचं, हे सगळे गृहीत धरत. सी-डॅकने १९९१ साली पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ट्रान्सप्युटर चिपवर. पुढच्या पिढ्यांत प्रोसेसर बदलले तेव्हा कोडवर पुन्हा काम करणं ओघानेच आलं. बदल डोळ्यांसमोर होता, त्याची तारीख ठरलेली असायची.

माझ्या मते खरा फरक पडला तो लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी रुळल्या तेव्हा. प्रोग्राम लागणारी गणिती कामं स्वतःच्या पोटात न ठेवता सिस्टममधल्या सामाईक लायब्ररीकडून करून घेऊ लागला. जागा वाचली, एक दोष एकाच ठिकाणी दुरुस्त करता येऊ लागला. पण प्रोग्रामला कुणी हात न लावताही त्याच्या पायाखालची जमीन बदलू लागली.

जीसीसी या कंपायलर संचातला फोरट्रानचा कंपायलर म्हणजे जीफोरट्रान. त्याच्या लायब्ररीचा इतिहास पाहा. जीसीसी ७ बरोबर तिचा क्रमांक ३ वरून ४ झाला, जीसीसी ८ बरोबर ५. आठव्या आवृत्तीत ॲरेची (आकड्यांच्या यादीची) माहिती स्मृतीत मांडण्याची पद्धतच बदलली होती. आकडा बदलण्यामागे इतकं ठोस कारण असतं. तरीही क्रमांक ३ सापडत नाही असा एरर आला की ५ क्रमांकाच्या फाइलला ३ चं नाव देणारी लिंक करून टाका, हा सल्ला लॅबमध्ये सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. प्रोग्राम कदाचित सुरू होईल, पण त्याने काढलेल्या आकड्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? त्याऐवजी एलडीडी कमांडने कुठली लायब्ररी हरवली आहे ते बघावं, जुनी लायब्ररी स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावी, किंवा सोर्स हाताशी असेल तर नव्याने कंपाइल करावं.

तिथेही अडचण येते. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून एकाच सबरूटीनला (उपप्रोग्रामला) एकदा रिअल, म्हणजे दशांश आकड्यांचा, आणि एकदा इंटिजर, म्हणजे पूर्णांकांचा ॲरे देणं ही चूक धरली जाऊ लागली. जुन्या फोरट्रान कोडमध्ये हे जागोजागी आहे. कंपायलरला ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा पर्याय दिला की काम पुढे सरकतं.

मॅक वापरणाऱ्यांना २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीने गाठलं. ३२ बिटचे प्रोग्राम त्यात चालेनासे झाले.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा, पायथन २ चा, आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर बांधलेल्या अनेक पाइपलाइन, म्हणजे डेटावर एकापाठोपाठ एक चालणाऱ्या प्रोग्रामांच्या साखळ्या, अडकल्या. यात एरर देणारे बदल त्यातल्या त्यात बरे. पायथन २ मध्ये ५ भागिले २ हे उत्तर २ येत असे, पायथन ३ मध्ये अडीच. प्रोग्राम दोन्हीकडे तक्रार न करता चालतो. हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये याहून सूक्ष्म प्रकार उघड केला. एनएमआर या रेणूंची रचना ओळखण्याच्या तंत्रासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमवर वेगळी उत्तरं देत होत्या. फोल्डरमधल्या फाइली कुठल्या क्रमाने मिळतील हे सिस्टमवर अवलंबून असतं, आणि स्क्रिप्टने तो क्रम गृहीत धरला होता. म्हणून अपडेटनंतर प्रोग्राम सुरू झाला एवढ्यावर थांबू नये. उत्तर आधीच माहीत असलेला एखादा जुना डेटासेट त्यातून पुन्हा काढून बघावा. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला कळकळीने वाटतं, कारण चुकीचा आकडा एकदा शोधनिबंधात गेला की तो तिथून बाहेर काढणं फार अवघड असतं.

उपायही याच काळात घडत गेले. २०१२ मध्ये कोंडा हे पॅकेज सांभाळणारं साधन आलं. एकाच मशीनवर पायथनची दोन वेगळी विश्वं ठेवता येऊ लागली. २०१३ मध्ये प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बंद करणारं डॉकर आलं, पण अनेकजण मिळून वापरत असलेल्या क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) ते द्यायला प्रशासक कचरतात, कारण त्यातून मशीनवर रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळू शकतात. ती अडचण ओळखून बर्कली लॅबमध्ये सिंग्युलॅरिटी तयार झालं, त्याचंच पुढचं नाव ॲपटेनर. क्लस्टरवर वापरली जाणारी लिनक्सची आवृत्ती सेंटओएस ७ हिची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तेव्हापासून त्यावर बसवलेला प्रोग्राम लायब्ररींसकट अशा कंटेनरमध्ये हलवणं हा सोयीचा मार्ग ठरला आहे.

तरी कंटेनरला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) स्वतःचा नसतो, तो यजमान मशीनचाच वापरतो. सेंटओएस ६ चा कंटेनर नव्या कर्नलवर सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो, तो अनेकदा यामुळेच. त्यातली जुनी सी लायब्ररी व्हीसिसकॉल नावाची सोय शोधते आणि अनेक नव्या कर्नलांत ती सुरक्षेसाठी बंद असते. मशीन सुरू होताना कर्नलला व्हीसिसकॉल एम्युलेट करायला सांगितलं की कंटेनर चालतो. फक्त ती ओळ लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे नसतो, त्यासाठी क्लस्टरच्या प्रशासकाकडे जावं लागतं.