पोस्टाने खेळायचे गेम, नवीन ऑर्डर सॉफ्टवेअर आणि खेळाडूंची चिडचिड: हे सगळं कुठून आलं

पीबीएम म्हणजे प्ले बाय मेल, आधी पोस्टाने आणि नंतर ईमेलने खेळायचे गेम. यात आपल्या सैन्याने किंवा जहाजाने काय करायचं ते लिहून पाठवायचं, त्याला ऑर्डर म्हणतात. यातल्या कुठल्याही गेममध्ये ऑर्डर पाठवायचं नवीन सॉफ्टवेअर आलं की खेळाडूंमध्ये दोन तट पडतात, हे अगदी ठरलेलं. एक गट म्हणतो सुटलो एकदाचे, दुसरा कळकळीने सांगत असतो की जुनी पद्धत बंद करू नका. बाहेरच्या माणसाला वाटतं जुनी मंडळी आहेत, त्यांना बदल नकोच असतो. मला हे अजिबात पटत नाही. या मंडळींनी टाइपरायटर, कॉम्प्युटर, ईमेल सगळं हौसेने आणि बहुतेक वेळा इतरांच्या आधी स्वीकारलंय. वाद वेगळाच आहे आणि तो साठ वर्षांपासून चालू आहे: ऑर्डरमध्ये चूक झाली तर ती कोणाची?

सुरुवात डिप्लोमसीपासून करावी लागेल. ॲलन कॅल्हॅमर यांचा हा गेम १९५९ मध्ये बाजारात आला. सात खेळाडू, पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, फासे नाहीत, आधी सगळ्यांशी बोलायचं आणि मग प्रत्येकाने आपल्या ऑर्डर गुपचूप कागदावर लिहायच्या, सगळ्या एकदम उघडायच्या. म्हणजे हा गेम मुळातच लिहिण्याचा होता, त्यामुळे पोस्टात गेला यात नवल नाही. १९६३ मध्ये जॉन बोर्डमन यांनी अमेरिकेत ग्राऊस्टार्क नावाचं छोटं पत्रक काढून त्यातून पोस्टाने डिप्लोमसी सुरू केली आणि तिथून पत्रकांची रांगच लागली. खेळाडू ऑर्डर पत्राने पाठवणार, जीएम म्हणजे गेम चालवणारा माणूस त्या वाचून निकाल छापणार, आणि डेडलाइनपर्यंत ज्याचं पत्र आलं नाही त्याच्या नावापुढे एनएमआर, नो मूव्ह्ज रिसीव्ह्ड. ही तीन अक्षरं स्वतःच्या देशापुढे छापलेली बघणं काय असतं ते ज्याने बघितलंय त्यालाच कळतं.

आता गंमत बघा. ऑर्डरमध्ये जागांची नावं तीन अक्षरांत लिहायची पद्धत पडली, पण नुसतं 'नॉर' लिहिलं तर ते नॉर्वे, नॉर्थ सी की नॉर्वेजियन सी? 'लिव' म्हणजे लिव्हरपूल की लिव्होनिया? डिप्लोमसीचा नियम असा की ऑर्डर वाईट लिहिलेली असली तरी तिचा एकच अर्थ निघत असेल तर ती मानायची, नसेल निघत तर ते सैन्य जागेवरच उभं. म्हणजे जीएमच्या समजूतदारपणावर बरंच काही अवलंबून. आणि याचाच फायदा घेऊन खेळाडू मुद्दाम चुकायचे. मित्रदेशाला मदत करायचं वचन दिलंय पण करायची नाहीये, मग ऑर्डर अशी लिहायची की ती बाद होईल, आणि पुढच्या पत्रात मनापासून माफी मागायची की अरे घाईत चुकीचं लिहिलं गेलं. समोरच्याला कधीच खात्री करता यायची नाही की हे खरं की खोटं. ही चूक हा गेमचाच भाग होता, आणि पुढे सॉफ्टवेअरने नेमका यालाच हात घातला.

पण त्याआधी कॉम्प्युटर आला. रिक लूमिस यांनी १९७० मध्ये न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन हा गेम पोस्टाने चालवायला घेतला, तेव्हा ते अमेरिकन सैन्यात होते, आणि त्यातूनच फ्लाइंग बफेलो ही कंपनी उभी राहिली. पैसे घेऊन चालवलेल्या पीबीएमची सुरुवात इथूनच धरतात. त्यांचा स्टारवेब १९७६ चा, २५५ ग्रह, एका गेममध्ये १५ खेळाडू, निकाल कॉम्प्युटर काढणार. आता कॉम्प्युटरला 'नॉर' म्हणजे काय असावं याचा अंदाज बांधता येत नाही, त्याला कोड लागतो, ताफ्याचा नंबर, ग्रहाचा नंबर. एक आकडा चुकला की ताफा भलतीकडेच. त्यात खेळाडू कागदावर हाताने लिहून पाठवणार आणि कंपनीतलं कोणीतरी ते बघून कॉम्प्युटरवर टाइप करणार, म्हणजे खेळाडू आणि गेम यांच्यामध्ये एक तिसरा हात आला. एक आणि सात, पाच आणि एस, शून्य आणि ओ, यावरून किती भांडणं झाली असतील कल्पना करा. टर्नला पैसे मोजलेले असायचे, निकाल यायला आठवडे लागायचे, आणि एका चुकीच्या आकड्यामुळे वर्षभर चाललेला डाव हातचा जायचा. चूक ऑपरेटरची की आपल्या अक्षराची हे ठरवायला मूळ कागद कंपनीकडे. म्हणून शहाणे खेळाडू कार्बन कॉपी नाहीतर झेरॉक्स ठेवायचे. ही सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सगळे गेम असे आकड्यांचे नव्हते हेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या शूबेल अँड सन कंपनीच्या ट्राइब्ज ऑफ क्रेनसारख्या गेममध्ये स्पेशल ॲक्शन असायची, म्हणजे मला काय करायचंय ते साध्या वाक्यात लिहायचं आणि जीएम ते वाचून उत्तर लिहिणार, त्याचे वेगळे पैसे. ज्यांनी असे गेम खेळलेत त्यांना रकाने भरायचा फॉर्म म्हणजे तोंड दाबल्यासारखा वाटतो, आणि मला वाटतं त्यात तथ्य आहे.

१९८३ मध्ये ब्रिटनमध्ये फ्लॅगशिप आणि अमेरिकेत पेपर मेहेम ही मासिकं निघाली, त्या काळात हा छंद जोरात होता. पण ऑर्डर भरायच्या बाबतीत खरा पालट मला विचाराल तर १९८८ च्या सुमारास झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात केन लो यांनी डिप्लोमसीचा जज लिहिला, हा एक प्रोग्राम होता ज्याला ईमेल करायची, त्यात आपण कोण ते सांगणारी साइनऑनची ओळ, पासवर्ड आणि खाली ऑर्डर, आणि तो ताबडतोब उत्तर पाठवायचा की ऑर्डर समजली का, नसेल तर कुठली ओळ चुकली. हे ऐकायला साधं वाटतं पण याआधी चूक कळायची ती निकाल आल्यावर, सगळं संपल्यावर. आता ती डेडलाइनच्या आधी कळायला लागली आणि हवी तितक्या वेळा दुरुस्त करता यायला लागली. सगळ्यांच्या ऑर्डर आल्या की जज न थांबता निकाल काढून टाकायचा, म्हणून वेट नावाची सोय होती, मला अजून विचार करायचाय असं सांगायला.

लोक खूश झाले का? बरेच झाले. पण दोन तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. एक, मशीन समजूतदार नसतं, जीएमला जे सहज कळलं असतं ते याला कळत नाही, आणि व्याकरण त्याचंच पाळायचं. दुसरी जास्त खोल आहे, की माफी मागायची जागा गेली. प्रोग्रामने तुला ऑर्डर परत वाचून दाखवली होती, मग चुकून कसं लिहिलंस? पुढे वेबवर ड्रॉपडाउन आले, २००४ मध्ये सुरू झालेल्या पीएचपी डिप्लोमसीसारख्या ठिकाणी यादीत शक्य असलेल्या चालीच दिसायला लागल्या, तेव्हा मुद्दाम बाद ऑर्डर लिहिणं जवळजवळ संपलंच. नवीन खेळाडूंना यात काय गेलं तेच कळत नाही आणि जुन्यांना ते समजावून सांगता येत नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अशक्य ऑर्डर दिलेल्या सैन्याला जागेवर उभं धरून पाठिंबा मिळावा की नाही, यावरसुद्धा मतभेद आहेत. लुकास क्रूइसविक यांनी निकाल काढणाऱ्या प्रोग्रामांसाठी परीक्षेची उदाहरणं गोळा केलीत, डीएटीसी म्हणतात त्याला, त्यात असल्या प्रश्नांवर पानंच्या पानं आहेत. कागदावर जीएम जे एका मिनिटात ठरवायचा ते प्रोग्रामला आधीच ठरवून द्यावं लागतं.

बुद्धिबळाची गोष्ट थोडक्यात. पोस्टाने बुद्धिबळ तर फारच जुनं, आयसीसीएफ ही संघटना १९५१ ची. तिथे चाली आकड्यांत लिहायची पद्धत होती, राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे ५२५४, कारण सोंगट्यांची अक्षरं प्रत्येक भाषेत वेगळी. पोस्ट इतकं संथ की १९८७ ला सुरू झालेलं दहावं ऑलिंपियाड १९९५ मध्ये संपलं तेव्हा सुवर्ण सोव्हिएत युनियनला आणि कांस्य पूर्व जर्मनीला मिळालं, दोन्ही देश तोपर्यंत नकाशावर उरलेच नव्हते. २००४ मध्ये त्यांचा वेबसर्व्हर आला आणि बेकायदा चाल, हरवलेलं कार्ड, किती दिवस लागले यावरून होणारी भांडणं एकदम कमी झाली.

आता नव्वदच्या दशकातले मोठे गेम, कारण आजच्या वादांची मुळं इथे जास्त आहेत. १९९२ च्या व्हीजीए प्लॅनेट्समध्ये ११ वंश आणि ५०० ग्रह, आणि ऑर्डर लिहायचीच नाही, क्लायंट म्हणजे खेळाडूच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये जहाजावर जाऊन काय करायचं ते निवडायचं, तो एक टर्न फाइल बनवणार, ती होस्टला म्हणजे गेम चालवणाऱ्याला पाठवायची. सोय प्रचंड. पण ती फाइल माणसाला वाचता येत नाही, आपण नेमकं काय पाठवलं याचा कागदी पुरावा गेला, कार्बन कॉपीवाल्यांना हे खुपणारच. यावर खेळाडूंनी काय केलं तर स्वतःच प्रोग्राम लिहिले, व्हीपीए, एकोव्ह्यू वगैरे, आणि बऱ्याच जणांना ते मूळ क्लायंटपेक्षा जास्त आवडले. नंतर चौथी आवृत्ती आली तरी पुष्कळ लोक तिसरीवरच राहिले, कारण त्यांची हत्यारं, त्यांचे हिशेब, त्यांचा हात सगळं तिसरीवर बसलेलं होतं. मला यात हट्ट दिसत नाही. सुताराला नवीन रंधा दिला तर तो आधी जुन्यानेच काम संपवतो.

दुसरीकडे अटलांटिस हा गेम, रसेल वॉलेस यांचा, १९९३ चा, आणि त्यातून निघालेला जर्मन एरेसिया. इथे ऑर्डर साध्या टेक्स्टमध्ये, युनिटचा म्हणजे आपल्या माणसांच्या तुकडीचा नंबर लिहायचा आणि खाली एकेका ओळीत मूव्ह, टॅक्स, स्टडी असे शब्द. सुरुवातीला पाच युनिट असतात, कोणीही लिहील, पण पन्नास टर्ननंतर शेकडो युनिट होतात आणि एका टर्नची ऑर्डर लिहायला अख्खा रविवार जातो. म्हणून एरेसियासाठी आधी ईचेक आला, जो फक्त ऑर्डर तपासून चुका दाखवतो, आणि मॅगेलन आला, जो रिपोर्ट म्हणजे टर्नच्या निकालाची फाइल उघडून नकाशा दाखवतो, युनिटवर क्लिक करून तिथेच ऑर्डर लिहायची, मित्रांचे रिपोर्ट एकत्र जोडायचे. इथे वेगळीच कुरकुर ऐकू येते की ज्याच्याकडे चांगला क्लायंट त्याला जास्त दिसतं, आणि हातानं नकाशा काढणारा मागे पडतो. खरंच पडतो. पण तरी या सॉफ्टवेअरबद्दल संताप फारसा नसतो, आणि त्याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं: मॅगेलन वापरा नाहीतर नोटपॅड वापरा, सर्व्हरला जातं ते तेच टेक्स्ट, जे तुम्ही डोळ्यांनी वाचू शकता, जपून ठेवू शकता, भांडण झालं तर दाखवू शकता.

मिडल अर्थ पीबीएम, १९९१ पासूनचा, २५ राष्ट्रं, प्रत्येक पात्राला टर्नला दोन ऑर्डर आणि प्रत्येक ऑर्डरला तीन आकडी नंबर, सैन्य हलवायचं तर ८५०. जुने खेळाडू हे नंबर पाठ म्हणून दाखवतात. तिथेही हाताने भरलेल्या शीटपासून ऑर्डर लिहायच्या प्रोग्रामपर्यंत प्रवास झाला, आणि जेओव्हरसीअरसारखं खेळाडूंनीच केलेलं सॉफ्टवेअर लोकांनी मनापासून आपलं मानलं.

हे सगळं ओळीने बघितलं की नवीन सिस्टिम आल्यावर जे ऐकू येतं ते नीट कळायला लागतं. कोणी म्हणतं माझी ऑर्डर पोचल्याची पावती येत नाही, तो तोच कार्बन कॉपीवाला आहे. कोणी म्हणतं बटण चुकून दाबलं गेलं आणि टर्न पुढे गेली, तो जजमधला वेट मागतोय, सेव्ह आणि रेडी अशी दोन वेगळी बटणं त्याच्यासाठीच असतात. कोणी म्हणतं यादीत मला हवं ते नाहीच, तो स्पेशल ॲक्शन लिहिणारा. कोणी म्हणतं टेक्स्ट फाइल अपलोड करायची सोय ठेवा, त्याने दहा वर्षं खपून स्वतःची स्प्रेडशीट बनवलेली असते जी ऑर्डर आपोआप लिहून देते, आणि नवीन स्क्रीनवर त्याला तेच सगळं एकेक क्लिक करून भरावं लागणार असतं. आणि डेडलाइनच्या शेवटच्या दहा मिनिटांत सर्व्हर बसला तर काय, हा तर पोस्टाच्या संपाचाच प्रश्न आहे, फक्त आता तो मिनिटांत मोजायचा. अशा खेळाडूला जुनाट म्हणून गप्प बसवलं की तो भांडत नाही, तो गेम सोडतो, आणि पंधरा जणांच्या गेममधून एक माणूस मध्येच गेला की उरलेल्या चौदा जणांचा डाव बिघडतो.

जिथे बदल शांतपणे झाला तिथे बहुतेक वेळा दोन्ही रस्ते बराच काळ उघडे होते. आयसीसीएफने २००४ मध्ये सर्व्हर आणला तरी पोस्टाच्या स्पर्धा लगेच मोडीत काढल्या नाहीत, त्यानंतरही कितीतरी वर्षं त्या चालू होत्या, आणि ज्यांना कार्डावर चार आकडे लिहून पेटीत टाकायचे होते ते टाकत राहिले.