पोस्टकन्स्ट्रक्ट, इनिट-मेथड की इव्हेंट लिसनर: इतके पर्याय आले कुठून

सीप्झपासून बीकेसीपर्यंत बँकांचा, इन्शुरन्सवाल्यांचा जावा कोड सांभाळणाऱ्या टीम्समधे एकाच प्रोजेक्टात तीन-चार पिढ्यांचा कोड असतो. ऑब्जेक्ट तयार झाल्यावर एकदाच करायचं सुरुवातीचं काम एका क्लासमधे आफ्टरप्रॉपर्टीजसेट या मेथडमधे असतं, दुसऱ्यात @पोस्टकन्स्ट्रक्ट, तिसऱ्याची इनिट-मेथड एक्सएमएलमधे, आणि नवीन जॉइन झालेली मुलं विचारतात की आम्ही काय लावायचं. "काहीही लाव, चालतं" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. प्रत्येक पर्याय वेगळ्या वेळी चालतो, आणि ती वेळ अशी का ठरली हे जुन्या गोष्टी बघितल्याशिवाय कळत नाही.

मुळात अडचण कन्स्ट्रक्टरची. ऑब्जेक्ट आपण नाही, कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून जोडणारा फ्रेमवर्कचा भाग) बनवतो, त्याला लागणाऱ्या गोष्टी नंतर देतो, यालाच इंजेक्शन म्हणतात, त्यामुळे कन्स्ट्रक्टर चालताना हातात काहीच नसतं. सर्व्हलेटमधे (वेब रिक्वेस्ट हाताळणारा जावा क्लास) इनिट मेथड त्यासाठीच आहे, ईजेबीमधे (सर्व्हरने सांभाळायचे बिझनेस लॉजिकचे ऑब्जेक्ट) ईजेबीक्रिएट होती. स्प्रिंग हे जावा फ्रेमवर्क, त्याचं १.० व्हर्जन मार्च २००४ ला आलं तेव्हा जावात अ‍ॅनोटेशन्सच नव्हती (म्हणजे @ लावून कोडवर करायच्या खुणा), ती जावा ५ बरोबर त्याच वर्षी सप्टेंबरमधे आली. मग स्प्रिंगने दोन रस्ते दिले, इनिशियलायझिंगबीन हा इंटरफेस (आफ्टरप्रॉपर्टीजसेट ही त्यातलीच मेथड) किंवा एक्सएमएलमधे मेथडचं नाव, म्हणजे इनिट-मेथड. इंटरफेस घेतला की आपला क्लास स्प्रिंगला बांधला जातो, म्हणून तो टाळा असं स्प्रिंगवालेच सांगतात.

२००६ ला जावा ईई ५ मधे (जावा ईई म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हर अ‍ॅप्ससाठीचं जावाचं स्टँडर्ड) जेएसआर-२५० हे सामाईक अ‍ॅनोटेशन्सचं स्पेसिफिकेशन आलं आणि @पोस्टकन्स्ट्रक्ट सगळ्यांच्या सामाईक मालकीचं झालं. स्प्रिंग २.५ ने २००७ मधे ते उचललं, लागणारी गोष्ट आपोआप इंजेक्ट करायला सांगणारं @ऑटोवायर्डही त्याच व्हर्जनला आलं, आणि फील्डवर इंजेक्शन करायची सवय लागली तशी पोस्टकन्स्ट्रक्टची गरजही वाढली. तिन्ही एकाच बीनवर (कंटेनरने सांभाळलेला ऑब्जेक्ट) असतील तर आधी पोस्टकन्स्ट्रक्ट, मग आफ्टरप्रॉपर्टीजसेट, शेवटी इनिट-मेथड असा क्रम असतो. २००९ च्या सीडीआयमधे (जावा ईईचं स्वतःचं इंजेक्शनचं स्टँडर्ड) तर कन्स्ट्रक्टरवर आणखीच भरवसा नाही, कारण प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या पुढे उभा राहून कॉल अडवणारा ऑब्जेक्ट) बनवतानाही तो चालू शकतो, म्हणजे त्यात लिहिलेलं काम दोनदा होऊ शकतं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा. स्प्रिंगमधे पोस्टकन्स्ट्रक्ट चालतो तेव्हा बीनला तिच्या डिपेन्डन्सीज मिळालेल्या असतात, पण तिच्याभोवतीची ट्रान्झॅक्शनची प्रॉक्सी अजून बसलेली नसते, त्यामुळे त्याच मेथडवर @ट्रान्झॅक्शनल लावलं तरी ट्रान्झॅक्शन सुरू होत नाही. ईजेबी ३.१ मधल्या @सिंगलटन आणि @स्टार्टअपवाल्या बीनमधे मात्र पोस्टकन्स्ट्रक्टला ट्रान्झॅक्शन मिळतं, त्यामुळे ईजेबीवरून स्प्रिंगवर आलेली माणसं तसंच गृहीत धरतात आणि मग डेटाबेसमधे अर्धवट रो का आल्या ते शोधत बसतात. अ‍ॅप पूर्ण उठल्यावरचं काम, कॅश भरणं वगैरे, इव्हेंटवर टाकावं. स्प्रिंग ४.२ ने २०१५ मधे @इव्हेंटलिसनर देऊन ते सोपं केलं, स्प्रिंग बूटमधे त्यासाठी अ‍ॅप्लिकेशनरेडी इव्हेंट आहे. पुढच्याच वर्षी ४.३ मधे एकुलत्या एका कन्स्ट्रक्टरवर @ऑटोवायर्ड लिहायची गरज राहिली नाही, कन्स्ट्रक्टर इंजेक्शन रुळलं आणि पोस्टकन्स्ट्रक्टमधली बरीच कामं परत कन्स्ट्रक्टरमधे गेली. हा बदल मला मनापासून आवडतो, फील्ड फायनल ठेवता येतात.

मग पॅकेजची भानगड. जावा ९ मधे पोस्टकन्स्ट्रक्ट हे अ‍ॅनोटेशन असलेलं मॉड्यूल डेप्रिकेट झालं (पुढे काढणार असं जाहीर झालं), २०१८ ला जावा ११ मधून काढूनच टाकलं. कंपाइल करताना एरर येते ते बरं, पण जावा ८ वर बांधलेला जार ११ वर चढवला आणि अ‍ॅनोटेशनचा जार सोबत नसेल तर जेव्हीएम ते अ‍ॅनोटेशन गुपचूप सोडून देतो, मेथड चालतच नाही आणि लॉगमधे एक ओळसुद्धा येत नाही.

त्यात २०१७ ला ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं, पण ज्या जावाएक्स (javax) नावाच्या पॅकेजेसमधे पोस्टकन्स्ट्रक्टसुद्धा होतं, त्या नावाखाली पुढे बदल करायची मुभा मिळाली नाही, म्हणून डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मधे (जावा ईईचंच नवीन नाव) सगळी पॅकेजेस जकार्ता नावाने आली. नोव्हेंबर २०२२ चं स्प्रिंग ६ त्यावरच आहे. जुन्या अ‍ॅनोटेशनचा जार क्लासपाथवर असेल तर स्प्रिंग ६ जुनं जावाएक्सवालं पोस्टकन्स्ट्रक्टही ओळखतं, पण जकार्ता ईईच्या नव्या सर्व्हरवर तेवढ्यावर विसंबून चालणार नाही, त्यामुळे रिव्ह्यू करताना मेथडच्या आधी वरची इम्पोर्टची ओळ बघा.