तुटीचा गुणाकार

२९ सप्टेंबर २००८ च्या दुपारी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मतदान चालू होतं आणि तिकडे शेअर बाजार मिनिटामिनिटाला खाली येत होता. बुडत्या बँकांना सावरायला ७०० अब्ज डॉलर देण्याचं विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडलं. त्या दिवशी डाउ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी आपटला. सदस्यांना मतदारसंघातून फोन येऊ लागले आणि चारच दिवसांत, थोडेफार फेरफार होऊन, विधेयक २६३ विरुद्ध १७१ मतांनी मंजूर झालं.

पहिल्या मतदानाची फोड पाहण्यासारखी आहे. विरोधात १३३ रिपब्लिकन होते, म्हणजे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याच पक्षाचे, आणि त्यांच्या जोडीला ९५ डेमोक्रॅट. एका गटाला सरकारनं बाजारात नाक खुपसणंच मान्य नव्हतं. दुसरा गट विचारत होता की वॉल स्ट्रीटनं केलेल्या जुगाराची भरपाई करदात्यानं का करायची? एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या दिवशी एकाच बाजूला उभी राहिली.

सरकारी खर्च, तूट आणि बँकांची सुटका यांवरचे वाद आपण नीतिमत्तेचे किंवा विचारसरणीचे समजतो, आणि काही अंशी ते तसे आहेतही. पण त्यांच्या तळाशी मोजमापाचा एक प्रश्न असतो: सरकारनं हात घातला नसता तर काय झालं असतं? तो दुसरा इतिहास कुणालाच दिसत नाही. शास्त्राला त्याचा अंदाज बांधता येतो, पण हा अंदाज किती कच्चा आहे, हे राजकारणी कधी सांगत नाहीत. अर्थतज्ज्ञही क्वचितच सांगतात.

बँकांपासून सुरुवात करू. बँकेनं वाटलेल्या कर्जांची किंमत १०० धरली, तर त्यातला फार थोडा पैसा तिच्या मालकांचा असतो, बाकी सगळा ठेवीदारांचा आणि इतर सावकारांचा. लेहमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या गुंतवणूक बँकेकडे स्वतःच्या दर एका डॉलरमागे सुमारे ३० डॉलरची मालमत्ता होती. असं असलं की मालमत्तेची किंमत साडेतीन टक्क्यांनी जरी उतरली तरी मालकांचं भांडवल साफ होतं. १५ सप्टेंबरला लेहमननं दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी लेहमनचे रोखे बाळगणाऱ्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाच्या एक डॉलरच्या युनिटची किंमत ९७ सेंटवर आली. लोक असे फंड बँकेतल्या ठेवीइतकेच सुरक्षित समजत होते. तिथून पैसे काढण्याची झुंबड उडाली आणि त्याच फंडांकडून पगारापाण्यापुरती अल्पमुदतीची उधारी घेणाऱ्या धडधाकट कंपन्याही अडचणीत आल्या.

आधीची योजना बँकांची बुडीत कर्जं विकत घेण्याची होती. त्यांची किंमत ठरवायची कशी, या प्रश्नावर ती अडली. मग १३ ऑक्टोबरला अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना बोलावून घेतलं आणि १२५ अब्ज डॉलरचे प्रेफरन्स शेअर (ठरलेला लाभांश आधी मिळणारे शेअर) सरकार घेणार असल्याचं सांगितलं. पहिली पाच वर्षं पाच टक्के लाभांश, पुढे नऊ टक्के. नको म्हणायची सोय फारशी नव्हती. कुणी घेतले आणि कुणी नाकारले असं झालं असतं, तर घेणारा दुबळा आहे हे जगजाहीर झालं असतं.

या सौद्यात करदात्याला फायदा झाला की तोटा? एलिझाबेथ वॉरन यांच्या अध्यक्षतेखालच्या देखरेख समितीनं फेब्रुवारी २००९ मध्ये हिशेब मांडला. सरकारनं तोवर दिलेल्या २५४ अब्ज डॉलरच्या बदल्यात जे शेअर मिळाले, त्यांची बाजारभावानं किंमत भरत होती १७६ अब्ज. म्हणजे ७८ अब्जांची खोट. काही वर्षांनी बँकांसाठीच्या मुख्य कार्यक्रमाचा जमाखर्च लागला तेव्हा ७०७ बँकांना दिलेल्या २०५ अब्जांवर सरकारी तिजोरीत २२५ अब्जांहून अधिक परत आले होते. संपूर्ण योजनेत तिजोरीला जी काही झळ बसली, ती मुख्यतः मोटार कंपन्यांमुळे आणि घरकर्जदारांना दिलेल्या मदतीमुळे.

बेलआउटचे, म्हणजे बँकांना सरकारी पैशानं वाचवण्याचे, समर्थक दुसरा आकडा सांगतात आणि विरोधक पहिला. दोन्ही खरे आहेत. वादळ चालू असताना घेतलेल्या जोखमीची किंमत ७८ अब्ज होती. वादळ शमलं म्हणून ती जोखीम नव्हतीच असं होत नाही. कुणी फुकट विमा दिला आणि अपघात झाला नाही, तर विमा देणाऱ्याचं काही गेलं नाही असं म्हणता येईल का? आणि हप्ता न भरता विमा मिळतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी गाडी जोरात हाकली जाते, ही भीतीही खोटी नाही. माझं मत विचाराल तर बँका वाचवणं भाग होतं. पण ज्या अटींवर वाचवल्या त्या फार सैल होत्या. एआयजी या विमा कंपनीला मिळालेल्या सरकारी पैशातून तिच्याशी सौदे केलेल्या बड्या बँकांना शंभर टक्के देणी चुकती झाली, त्यात गोल्डमन सॅक्सच्या वाट्याला १२.९ अब्ज आले. देशात लाखो लोकांची घरं जप्त होत असताना हे घडत होतं. लोक चिडले यात नवल नाही.

तुटीचा वाद मात्र बेलआउटहून वेगळा आहे, आणि लोक तो सर्रास त्यातच मिसळतात. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा सरकारनं ७८७ अब्ज डॉलरचं उत्तेजन विधेयक मंजूर करून घेतलं. प्रतिनिधिगृहातल्या एकाही रिपब्लिकननं त्याला मत दिलं नाही. यातला पैसा बँकांसाठी नव्हता. तो करकपात, बेकारभत्ता, राज्यांना मदत आणि रस्ते-पूल यांसाठी होता आणि त्यातला बहुतेक परत येणार नव्हता. निदान सरळ मार्गानं तरी नाही.

‘गुणक’ या आकड्याला इथे महत्त्व येतं. सरकारनं रस्त्यावर १०० डॉलर खर्च केले की ते कुणाचं तरी उत्पन्न होतात. त्या माणसानं त्यातले ६० खर्च केले तर दुकानदाराचं उत्पन्न ६० नं वाढतं, तो ३६ खर्च करतो, आणि ही साखळी २५० वर जाऊन थांबते. गुणक अडीच. रिचर्ड कान या केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञानं हे गणित १९३१ मध्ये मांडलं आणि अर्थतज्ज्ञ केन्सनं त्यावर आपल्या सिद्धांताची इमारत उभारली. प्रत्यक्षात ही साखळी गळकी असते. काही पैसे करात जातात, काही आयात मालावर, काही जुनं कर्ज फेडण्यात. शिवाय सरकार कर्ज काढू लागलं की व्याजदर चढू शकतात आणि खासगी गुंतवणूक मागे सरते. सगळे आधीच कामाला लागलेले असतील, तर रस्त्याच्या कामावर आलेला मजूर दुसऱ्या कुठल्या तरी कामावरून उठवलेला असतो. तेव्हा गुणक शून्याकडे जातो.

म्हणजे प्रकाशाच्या वेगासारखा हा काही निसर्गाचा ठरलेला स्थिरांक नाही. हातांना काम नसेल आणि व्याजदर आधीच तळाला टेकले असतील (डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत तो शून्य ते पाव टक्का होता), तर गुणक मोठा असतो. भरभराटीत तो लहान होतो. तूट किती भरून निघेल हेही त्यावरच ठरतं. गुणक दीड असेल आणि उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा करात जात असेल, तर १०० खर्चातले ३७ तिजोरीत परत येतात. खर्च कापतानाही हेच गणित उलट्या दिशेनं चालतं. ग्रीसनं तेच भोगलं. २००८ नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्याचं उत्पन्न जवळपास पाव भागानं आटलं. परिणामी, २०१२ मध्ये खासगी सावकारांनी शंभर अब्ज युरोंहून अधिक कर्जावर पाणी सोडलं, तरी २०१४ मध्ये कर्जाचं उत्पन्नाशी असलेलं प्रमाण १८० टक्क्यांच्या आसपास होतं.

२००९ च्या जानेवारीत ओबामांच्या सल्लागार क्रिस्टिना रोमर सरकारी खरेदीचा गुणक १.५७ धरत होत्या. हार्वर्डचे रॉबर्ट बॅरो महायुद्धाच्या आकड्यांवरून ०.८ सांगत होते आणि शांततेच्या काळात तर जवळपास शून्य. इतक्या वर्षांच्या शास्त्रात एवढी तफावत कशी?

कारण सरकार खर्च वाढवतं तेच मुळी अर्थव्यवस्था आजारी पडल्यावर. नुसते आकडे पाहिले तर खर्च जास्त तिथे मंदी जास्त असंच दिसणार. मोजमाप हवं असेल तर मंदीशी संबंध नसलेल्या कारणानं वाढलेला खर्च शोधावा लागतो. गेल्या वीस वर्षांत या शोधात अर्थतज्ज्ञांनी कमालीची कल्पकता दाखवली आहे. अमेरिकेत संरक्षणखर्च वाढला की तो सगळ्या राज्यांत सारखा पडत नाही. कॅलिफोर्नियाला कंत्राटं जास्त मिळतात, इलिनॉयला कमी. एमी नाकामुरा आणि योन स्टाइनसन यांनी हा फरक वापरून गुणक दीडच्या आसपास काढला. आणखी दोघांनी जनगणनेतल्या चुकांचा उपयोग केला. केंद्राचा निधी लोकसंख्येच्या अंदाजावर वाटला जातो, आणि दर दहा वर्षांनी खरी मोजणी झाली की अंदाज चुकलेल्या जिल्ह्यांचा निधी अचानक वाढतो किंवा घटतो. इटलीत माफियाशी लागेबांधे असल्यावरून काही नगरपालिका बरखास्त झाल्या आणि प्रशासकांनी तिथला खर्च एकदम कापला. तोही एक प्रयोगच ठरला. तिथला गुणकही दीडच्याच घरात निघाला.

आपल्याकडचा पुरावा तर याहून पक्का आहे. महाराष्ट्रानं सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात सुरू केलेल्या रोजगार हमीचं देशव्यापी रूप म्हणजे मनरेगा. आंध्र प्रदेशात तिची मजुरी स्मार्टकार्डानं द्यायला सुरुवात झाली, तेव्हा कोणत्या मंडलात (तिथल्या तालुक्यात) ती आधी सुरू होणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. जिथे योजना नीट चालली तिथे गरीब कुटुंबांची कमाई वाढली, आणि त्या वाढीचा मोठा भाग योजनेच्या कामातून न येता बाहेरच्या मजुरीतून आला. औषधाच्या चाचणीसारखा पुरावा या विषयात क्वचितच मिळतो.

मात्र एका राज्याचा गुणक म्हणजे देशाचा गुणक नव्हे. कॅलिफोर्नियाला मिळालेल्या कंत्राटाचा कर सगळा देश भरतो आणि व्याजदर सगळीकडे एकच असतो. या फटीतून वाद पुन्हा आत शिरतो.

आणि काही वेळा वादाला साधी चूक खतपाणी घालते. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक छोटा निबंध लिहिला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते, असं त्यात होतं. अमेरिकेत रिपब्लिकन नेते पॉल रायन आणि युरोपात युरोपीय आयोगाचे आयुक्त ओली रेन यांनी या ९० टक्क्यांचा दाखला देत काटकसरीची बाजू मांडली. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तेच आकडे पुन्हा काढायला बसला. ते काही जमेनात. मूळ एक्सेलची फाइल मागवल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी आल्याच नव्हत्या, त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गळाले होते. त्याहून मोठा गोंधळ भाराचा होता. न्यूझीलंडच्या १९५१ या एकाच वाईट वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकं वजन दिलेलं. हर्न्डन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दुरुस्त केलेली सरासरी अधिक २.२ टक्के आली. जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध त्यानंतरही काहीसा दिसत राहिला, पण ९० टक्क्यांवरचा कडा नाहीसा झाला. वाढ मंदावल्यामुळे कर्ज चढतं की कर्जामुळे वाढ मंदावते, हा प्रश्न तर तसाच राहिला.

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी आपल्याच संस्थेचे अंदाज तपासले. काटकसरीचे परिणाम वर्तवताना गुणक ०.५ च्या आसपास धरला गेला होता, प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ असावा असं निघालं. आपली चूक अशी छापून सांगणारी संस्था विरळा. ग्रीसच्या बेकारांना त्याचा उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

यावरून खर्च करणारे नेहमी बरोबर असतात असा अर्थ कुणी काढू नये. मार्च २०२० मध्ये करोनाच्या तडाख्यात सिनेटनं सुमारे २.२ लाख कोटी डॉलरचं विधेयक ९६ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या निम्म्याहून कमी रक्कम म्हणजे दिवाळखोरीची वाट, असं सांगणारे काहीजण त्या ९६ मध्ये होते. सत्ता कुणाकडे आहे यावर तुटीची भीती कमीजास्त होते, हे दोन्ही पक्षांनी वेळोवेळी दाखवलं आहे. मग मार्च २०२१ मध्ये बायडेन सरकारनं आणखी १.९ लाख कोटी ओतले. लॅरी समर्स हे त्यांच्याच पक्षाच्या सरकारातले माजी अर्थमंत्री. ही रक्कम उत्पादनातल्या खड्ड्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, असा इशारा त्यांनी आधीच दिला होता. लोकांच्या हातात पैसा होता, पण जहाजं बंदरांबाहेर खोळंबली होती आणि चिप मिळत नव्हत्या. पुरवठा अडला की जादा खर्च उत्पादन वाढवण्याऐवजी किमती वाढवतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. त्यात युक्रेन युद्धामुळे भडकलेल्या तेलाचा वाटा किती आणि सरकारनं लोकांना पाठवलेल्या धनादेशांचा किती, यावर आता पुन्हा शोधनिबंध निघत आहेत.