चाक बदललं आणि खेळ पालटला: स्केटबोर्डच्या सुट्या भागांची पार्श्वभूमी

एका कंपनीची फळी, दुसरीचे ट्रक (फळीखाली बसणारे, चाकांचा आस धरणारे धातूचे सांगाडे), तिसरीची चाकं आणि भलतीकडचीच बेअरिंग (चाक सहज फिरावं म्हणून त्यात बसवलेली गोळ्यांची कडी) घेऊन आज कुणीही घरी बोर्ड जोडू शकतो. आपल्या मनासारखा बोर्ड घडवायला निघालेल्याने ही सोय आली कुठून, हे आधी समजून घ्यावं. ती एका माणसाने आराखडा काढून ठरवलेली नाही.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात समुद्राला लाटा नसल्या की सर्फिंग करणारी पोरं रस्त्यावर उतरायची. रोलर स्केट मोडायचे आणि त्याची चाकं फळीला ठोकायची. म्हणजे फळी सोडली तर बोर्डाचा प्रत्येक भाग उसना होता. सुरुवातीची चाकं लोखंडी होती. १९६० च्या दशकात ‘क्ले’ म्हणवली जाणारी मिश्रणाची चाकं आली. ती मऊ चालत, पण त्यांना पकड नव्हती. एखादा खडा आडवा आला की चाक जागच्या जागी अडायचं आणि पोरगं पुढे फेकलं जायचं. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली आणि १९६५ नंतर ही लाट ओसरली.

ती परत आणली फ्रँक नॅसवर्दी या सर्फिंग करणाऱ्या तरुणाने. व्हर्जिनियातल्या एका प्लॅस्टिक कारखान्यात त्याला युरेथेनची, म्हणजे एका लवचीक प्लॅस्टिकची चाकं दिसली. स्केटिंगच्या रिंकवर नवख्यांना भाड्याने द्यायच्या रोलर स्केटसाठी ती बनवलेली होती. ती क्ले चाकांच्याच मापाची होती, त्यामुळे जुनं चाक काढून नवं बसवलं की काम झालं; ना फळी बदलायला लागली, ना ट्रक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने ती विक्रीला आली आणि खेळ पुन्हा उभा राहिला. सगळा बोर्ड नव्याने घ्यावा लागला असता, तर हे इतक्या झपाट्याने झालं असतं असं मला वाटत नाही.

बेअरिंगचा प्रश्न मात्र तसाच होता. चाकात सुट्या गोळ्या असत. नट सैल झाला की त्या रस्त्यावर सांडायच्या. १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या एनएचएस कंपनीने ‘रोड रायडर’ चाकांत बंदिस्त बेअरिंग बसवलं; त्यात गोळ्या आतच राहतात. पुढे ६०८ हे माप सर्वत्र रूढ झालं: आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२ मिमी, जाडी ७ मिमी. हे यंत्रांमध्ये सर्रास वापरलं जाणारं माप आहे, कुणा एका ब्रँडच्या मालकीचं नाही. म्हणूनच ते टिकलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

ट्रकही रोलर स्केटच्या सावलीतून बाहेर पडले. १९७५ च्या सुमारास बेनेट आणि ट्रॅकर या कंपन्यांनी खास स्केटबोर्डसाठी ट्रक बनवले. १९७८ मध्ये इंडिपेंडंट या ब्रँडचा ट्रक आला.

भाग अदलाबदलीचे झाले तरी एकमेकांपासून मोकळे मात्र झाले नाहीत. ट्रकचा आस फळीच्या रुंदीशी जुळावा लागतो. चाक मोठं घेतलं की वळताना ते फळीला घासतं आणि बोर्ड अचानक थांबतो. म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये राइझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी चकती घालतात, नाहीतर ट्रकमधलं बुशिंग, म्हणजे वळताना दबणारं रबरासारखं कडं, अधिक कडक निवडतात. नवी रचना करणाऱ्याचा खरा कस इथे लागतो. नुसता सांधा जुळवून भागत नाही, सगळ्या मापांचं आपसातलं नातं सांभाळावं लागतं.

रूढ झालेलं मापही कधीकधी मोडतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फळीचा आकार दोन्ही टोकांना सारखा होत गेला, त्याच सुमारास ट्रकच्या बोल्टच्या भोकांमधलं लांबीचं अंतर २.५ इंचांवरून २.१२५ इंचांवर आलं. रुंदीचं अंतर होतं तेच राहिलं. त्यामुळे जुन्या फळीवर नवा ट्रक बसेना. यावर तोड म्हणून काही ट्रकच्या तळपट्टीला चारऐवजी सहा भोकं पाडली जातात. जुनी फळी असो वा नवी, दोन्हींवर तो बसतो.