मेसेंजर (विंडोजमधले सारख्या नावाचे तीन प्रोग्रॅम)

मेसेंजर हे नाव मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या तीन वेगवेगळ्या गोष्टींना दिलं, आणि विंडोज एक्सपीच्या काळात ‘मेसेंजर बंद कर’ म्हटल्यावर लोकांनी भलताच मेसेंजर बंद करायचा प्रकार त्यातूनच सुरू झाला. पहिली मेसेंजर सर्व्हिस, म्हणजे लॅनवर (ऑफिस-लॅबमधली मशीन एकमेकांना जोडणारं जाळं) एका मशीनवरनं दुसऱ्या मशीनवर निरोपाची चौकट टाकणारी, मागं गुपचूप चालणारी सेवा. दुसरा विंडोज मेसेंजर, एक्सपीबरोबर आपोआप येणारा चॅटिंगचा प्रोग्रॅम. तिसरा एमएसएन मेसेंजर, तोही चॅटिंगचाच, पण वेगळा डाउनलोड करून घ्यायचा. दुसरा आणि तिसरा एकमेकांचे भाऊबंद. पहिलीचं या दोघांशी काडीचंही नातं नाही. आज कोल्हापुरात नुसतं ‘मेसेंजर’ म्हटलं की फेसबुकचा (२०११) समजतात, त्याचा इथं संबंध नाही.

मेसेंजर सर्व्हिसचं मूळ कुठं धरायचं यावर दोन मतं आहेत. एक मत ते विनपॉपअपमध्ये शोधतं. विंडोज फॉर वर्कग्रुप्सपासून ९५-९८ पर्यंत हा छोटा प्रोग्रॅम यायचा, बहुतेकांनी असली चौकट पहिल्यांदा तिथंच बघितली आणि विनपॉपअपचे आणि विंडोज एनटी या ऑफिसवाल्या विंडोजचे निरोप एकमेकांना पोचायचेपण, त्यामुळं हे मत रुळलं. दुसरं मत मूळ बरंच मागं नेतं, आयबीएमच्या पीसी नेटवर्क प्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण १९८४-८५. त्यात नेटवर्क चालू करतानाच हे मशीन कुठल्या भूमिकेत राहणार ते सांगावं लागायचं, रिडायरेक्टर, रिसीव्हर, मेसेंजर की सर्व्हर, आणि निरोप पाठवायची नेट सेंड ही कमांडही तिथं होतीच. पुढं ते सगळं लॅन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्क सॉफ्टवेअरमार्गे विंडोज एनटीत (१९९३) उतरलं. हेच मत जास्त धरून ठेवण्यासारखं आहे, कारण पुरावा नावाच्या रचनेतच आहे. नेटबायोस, म्हणजे लॅनवर मशीननं एकमेकांना नावानं ओळखायची जुनी पद्धत, तिच्यातलं नाव १६ बाइटचं, त्यातली १५ अक्षरं आपली आणि सोळावा बाइट हे नाव कुठल्या सेवेचं ते सांगणारा. मेसेंजर सर्व्हिसचा बाइट ०३. सेवा चालू असलेल्या मशीनवर एनबीटीस्टॅट ही कमांड उणे एन लावून चालवली की मशीनच्या नावापुढं ०३ दिसतं, आणि लॉगिन केलेल्या माणसाच्या नावापुढंही. म्हणूनच पाटील नावानं लॉगिन केलेला माणूस लॅबमध्ये कुठल्या मशीनवर बसलाय हे माहीत नसलं तरी ‘नेट सेंड पाटील’ लिहून पुढं निरोप टाकला की बरोबर त्याच्याच स्क्रीनवर जायचा. ही व्यवस्था विनपॉपअपनं शोधलेली नाही, त्यानं ती फक्त वापरली.

काम अगदी साधं होतं. प्रिंट निघाली, यूपीएस बॅटरीवर गेला, सर्व्हर दहा मिनिटांत बंद होणार, असल्या सूचना द्यायच्या. राखाडी चौकट, वर ‘मेसेंजर सर्व्हिस’ एवढंच, आत कुणाकडनं कुणाला, तारीख-वेळ आणि खाली मजकूर, एकच ओके बटण. उत्तर द्यायची सोय त्या चौकटीत नाहीच. नावाच्या जागी फुली म्हणजे स्टार टाकला की निरोप सगळ्यांना जायचा आणि कॉलेजच्या लॅबमधल्या पोरांना हे एकदा कळलं की मग सरांची पंचाईत. कमांडच्या काळ्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नव्हती, त्यामुळं ‘चहाला चला’सुद्धा रोमन लिपीतच जायचं.

खरा त्रास २००२ च्या सुमारास सुरू झाला. ही सेवा एनटी, २००० आणि एक्सपीत आपोआप चालू असायची, घरच्या मशीनला फायरवॉल, म्हणजे बाहेरनं येणारं अडवणारी भिंत, नसायची आणि डायलअप असो की केबल, मशीन थेट इंटरनेटला जोडलेलं असायचं. जाहिरातवाल्यांनी यूडीपी १३५ आणि नंतर १०२६ च्या आसपासच्या पोर्टवर (मशीनमध्ये शिरायच्या क्रमांकाच्या दारांवर) निरोपांचा मारा चालू केला. ब्राउझर बंद असला तरी चौकट यायची, त्यामुळं लोकांना वाटायचं व्हायरसच शिरलाय. कहर म्हणजे डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स नावाची कंपनी या चौकटींतनं याच चौकटी बंद करायचं सॉफ्टवेअर विकत होती, तिच्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नोव्हेंबर २००३ मध्ये कोर्टात दावा लावला. त्याच्या आधीच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एमएस०३-०४३ हे सुरक्षेचं बुलेटिन काढलं होतं. या सेवेतल्या बफर ओव्हररनमुळं, म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर आत घुसण्याच्या चुकीमुळं, बाहेरचा माणूस मशीनचा ताबा घेऊ शकतो असं त्यात होतं. म्हणजे प्रश्न नुसत्या जाहिरातीचा राहिला नव्हता.

आणि इथंच नावानं घात केला. चौकटीवर ‘मेसेंजर’ वाचून माणूस घड्याळाशेजारचं माणसाच्या आकृतीचं चिन्ह शोधायचा, ते विंडोज मेसेंजरचं, ते बंद करायचा आणि चौकटी येतच राहायच्या, दार सताड उघडंच. शेवटी मायक्रोसॉफ्टला एक्सपीच्या सर्व्हिसेसच्या यादीत मेसेंजरच्या वर्णनात चक्क लिहावं लागलं की या सेवेचा विंडोज मेसेंजरशी संबंध नाही. पण ती यादी उघडून बघणारा माणूस कुठं सापडणार.

ओळखायची खूण अशी: समोर मित्रांची यादी आणि लॉगिन असेल तर तो चॅटिंगवाला, नुसती चौकट आणि ओके असेल तर ती सर्व्हिस. सर्व्हिस बंद करायला स्टार्ट, रन, तिथं सर्व्हिसेस डॉट एमएससी, यादीत मेसेंजर, प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करून स्टॉप. नुसतं ‘नेट स्टॉप मेसेंजर’ दिलं तर मशीन परत चालू केल्यावर ती पुन्हा उठते. एससी कॉन्फिग कमांडनं कायमची बंद करता येते, पण त्यात ‘स्टार्ट’ पुढच्या बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडावीच लागते, ती सोडली नाही की कमांड चालत नाही, आणि इथं भलेभले अडकतात.

विंडोज मेसेंजर काढणं जास्त किचकट, कारण अॅड-रिमूव्हच्या यादीत तो आधी दिसायचाच नाही. आयएनएफ फोल्डरमधली एसवायएसओसी ही फाइल उघडून त्याच्या ओळीतला ‘हाइड’ शब्द खोडायचा, मग तो यादीत यायचा. सर्व्हिस पॅक १ (एक्सपीच्या दुरुस्त्यांचा पहिला गठ्ठा) नंतर तो विंडोजच्या घटकांच्या यादीत आला, पण तिथनं काढला तरी फक्त शॉर्टकट जायचा. एक्सपी प्रोफेशनलवर ग्रुप पॉलिसी या सेटिंग्जच्या साधनातनं तो चालूच द्यायचा नाही असं करता यायचं, होम एडिशनवाल्याला ती सोय नाही. आउटलुक एक्सप्रेस त्याला परत जागं करायचं, तिथलं टिकमार्कही काढावं लागायचं. एमएसएन मेसेंजर (जुलै १९९९) मात्र साध्या अनइन्स्टॉलनं जायचा. त्याचं नाव पुढं विंडोज लाइव्ह मेसेंजर झालं आणि २०१३ मध्ये लोकांना स्काइपवर हलवलं.

ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नं मेसेंजर सर्व्हिस आपोआप बंद केली आणि फायरवॉल चालू केली, व्हिस्टात ती सेवाच राहिली नाही. तिच्या जागी निरोप टाकायला एमएसजी कमांड आहे, होम एडिशनमध्ये ती मिळत नाही. विंडोज ११ मध्ये टास्कबारवर चॅटचं चिन्ह आलं, मायक्रोसॉफ्टच्याच टीम्स या चॅटिंगच्या प्रोग्रॅमचं, ते सेटिंग्जमधल्या पर्सनलायझेशनमधनं घालवता यायचं. घरचं टीम्स आणि ऑफिसचं टीम्स हा नावाचा घोळ तिथंही झालाच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपात सीएनसी मशीनला जोडलेला जुना एक्सपी अजून चालत असेल, सर्व्हिस पॅक २ न टाकलेला, तर तिथं मेसेंजर सर्व्हिस चालू असण्याची शक्यता धरूनच चालावं. असलं मशीन इंटरनेटला जोडू नये, आणि लॅनवर ठेवायचं असेल तर आधी सर्व्हिसेसची यादी उघडून तिथलं मेसेंजर डिसेबल्ड आहे का ते बघावं.